टर्बो पेट्रोल इंजिन : ताकद कोठून येते आणि भरवसा किती ठेवावा?

मोटारीच्या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. कोणी गॅरेज चालवितो, कोणी सुटे भाग विकतो, कोणी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, तर कोणी दुकानाच्या आणि घरच्या कामासाठी गाडी घेण्याच्या विचारात असतो. या सर्वांचा एक प्रश्न अलीकडे आमच्या कानावर वारंवार येतो : टर्बो पेट्रोल गाडी घ्यावी काय, आणि घेतली तर ती टिकते काय? काही जण म्हणतात, टर्बो म्हणजे घरात हत्ती बांधणे. काही जण म्हणतात, आता दुसरे इंजिन घेण्यात अर्थच उरला नाही. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे आणि पुष्कळ ऐकीव माहिती आहे. म्हणून या अंकात आम्ही हे इंजिन कसे चालते, ते कोठे दगा देते आणि आपण काय केले असता ते साथ देते, याची सविस्तर माहिती देत आहोत.

एका व्यापाऱ्याचा अनुभव

सुरुवात आमच्या परिचयाच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्यापासून करू. त्यांनी पाच वर्षे जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते, रंग चकचकीत होता, टायर नवे होते. व्यवहार एका बैठकीत झाला. चार महिन्यांनी घाटात गाडीची ओढ गेली आणि मागून निळसर धूर येऊ लागला. गाडी गॅरेजला नेली. तेथील उस्तादांनी ऑइलचे झाकण उघडून बोट फिरविले, तर आत डांबरासारखा काळा गाळ जमला होता. टर्बो गेला होता आणि इंजिनाचे कामही निघाले. त्या वर्षीच्या सीझनचा नफा गाडीत गेला.

व्यापारी म्हणाले, ''उस्ताद, गाडी तर फारच कमी चालली होती!''

उस्ताद म्हणाले, ''हाजीसाहेब, मीटर रस्ता सांगतो. निगा कशी राखली ते ऑइल सांगते. आपण मीटर पाहिला, ऑइल पाहिले नाही.''

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की आधीच्या मालकाची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असे, आणि दोन वर्षांत ऑइल एकदाच, तेही डब्यातले स्वस्त ऑइल घालून बदलले होते. विकणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. या लेखाचे सार या एका घटनेत आहे. आता कारणे पाहू.

लोहाराचा भाता आणि टर्बो

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते. वजनाच्या हिशेबाने १ भाग पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ भाग हवा हवी. पेट्रोल जास्त सोडणे सोपे आहे, अडचण हवेची आहे. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढते तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. म्हणून पूर्वी जास्त ताकद हवी असेल तर मोठे इंजिन बसवीत.

लोहाराची भट्टी आठवा. कोळसा तोच, भट्टी तीच. पण भाता चालू केला की आच दुप्पट होते. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. फरक एवढाच की हा भाता हाताने ओढावा लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एक लहान चाक फिरवितो. त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरते. त्याला कंप्रेसर म्हणतात. जो धूर वाया जात होता त्याच्याकडून काम करून घेतले, ही यातली खुबी.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते ते याच कारणाने. गरम हवा विरळ असते, शिवाय गरम हवेमुळे पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकू लागते. म्हणून ही हवा इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून थंड केली जाते. आणि दाब गरजेपेक्षा वाढू नये म्हणून धुराला टर्बाइनच्या बाजूने काढून देणारी एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. टर्बाइन, कंप्रेसर, इंटरकूलर आणि वेस्टगेट हे चार भाग समजले की टर्बो समजला.

कल्पना जुनी, धडाही जुना

ही कल्पना कालची नाही. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे ती जहाजांच्या आणि ट्रकच्या डिझेल इंजिनांत रुळली. पेट्रोल मोटारीत ती प्रथम अमेरिकेत १९६२ साली आली. त्या वर्षी जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर या दोन गाड्या टर्बो लावून विकायला काढल्या.

यातील जेटफायरची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळोवेळी भरायची होती. अनेक मालकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी केली जाई आणि लोक तक्रार घेऊन येत. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली आणि ती गाडी बंद पडली. यंत्र हुशार होते, पण त्याची निगा ज्याच्या हाती होती त्याला ती निगा समजावून दिली गेली नाही किंवा त्याने ती मनावर घेतली नाही. साठ वर्षांनंतर हार्डवेअरवाल्या हाजीसाहेबांच्या बाबतीत वेगळे काय घडले?

चाकणमध्ये तयार होणारे इंजिन

आता उदाहरणासाठी एकच इंजिन हाती घेऊ. पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. आज स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या ज्या अनेक गाड्या आपण रस्त्यावर पाहतो त्यांत १.० टीएसआय नावाचे इंजिन असते. २०२० साली ते पोलो आणि रॅपिड या गाड्यांत आले. त्यानंतर २०२१ मध्ये कुशाक आणि टायगुन, २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस, आणि पुढे कायलाक या गाड्यांत ते बसविले गेले. आपल्या भागातील गॅरेजमध्ये हे इंजिन आता येऊ लागले आहे आणि पुढे अधिक येणार आहे.

याची मापे अशी. सिलिंडर तीन, क्षमता ९९९ सीसी, बोअर ७४.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७६.४ मिलिमीटर. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये न फवारता मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते.

टर्बोने काय साधले हे पाहण्याची सोय याच घराण्यात आहे. पोलो गाडीत ९९९ सीसीचेच, पण टर्बो नसलेले इंजिनही मिळत असे. त्याची ताकद ७६ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, ९५ न्यूटन मीटर होता. टर्बो लावलेल्या इंजिनाची ताकद ११० पीएस आणि जोर १७५ न्यूटन मीटर. कुशाकमध्ये हेच आकडे ११५ आणि १७८ झाले. सिलिंडरचा आकार तोच, आणि जोर जवळजवळ दुप्पट. महत्त्वाची बाब अशी की हा जोर १,७५० फेऱ्यांपासूनच मिळतो. चढावर भरलेली गाडी ओढताना चालकाला जो फरक जाणवतो तो याचाच.

या दुपटीची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जळते, म्हणून हे इंजिन बनविताना थंडाव्याचा फार विचार केलेला दिसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडमध्येच ओतलेला असून त्याच्याभोवती कूलंट फिरते. इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आत असून तोही पाण्याने थंड होतो. ब्लॉक आणि हेड यांना कूलंटचे वेगळे मार्ग आणि वेगळे थर्मोस्टॅट आहेत. त्याशिवाय विजेवर चालणारा एक लहान पंप आहे, तो गरज पडल्यास इंजिन बंद केल्यावरही टर्बोतून कूलंट फिरवीत राहतो. गाडी उभी केल्यावर बॉनेटखालून घूं घूं आवाज येतो म्हणून काही ग्राहक घाबरून येतात. कारागिरांनी त्यांना सांगावे की तो दोष नाही, ती सोय आहे. बॅटरीची वायर काढून तो आवाज बंद करणे म्हणजे आपल्या हाताने टर्बो जाळणे होय.

लहान टर्बोची लाट का आली?

याला दोन कारणे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमांत बसविणे महाग पडू लागले, म्हणून मारुती, स्कोडा आणि फोक्सवॅगन यांनी आपल्या लहान डिझेल गाड्या बंद केल्या. डिझेलच्या ओढीची सवय झालेल्या ग्राहकाला ती ओढ पेट्रोलमध्ये देण्याचा मार्ग टर्बो हाच होता.

दुसरे कारण कराचे. आपल्याकडे गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल तर ती छोटी गाडी मानली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि या मापाबाहेरील पेट्रोल गाडीवर ४० टक्के. मोठे इंजिन घालून ताकद वाढविली तर कर वाढतो, टर्बो लावून वाढविली तर वाढत नाही. त्यामुळे ही लाट ओसरण्याची चिन्हे नाहीत. गॅरेजवाल्यांनी आणि सुट्या भागांच्या दुकानदारांनी हे ध्यानात घेऊनच पुढचा हिशेब करावा.

दगा कोठे होतो?

आता मुख्य प्रश्न. आमच्या मते टर्बो इंजिनाच्या बहुतेक तक्रारी पाच ठिकाणी येतात.

पहिली जागा टर्बोचा दांडा. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. त्याच्या एका टोकाला ९०० ते १,००० अंशांचा धूर आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. असा दांडा साधारणपणे बॉल बेअरिंगवर नव्हे, तर ऑइलच्या पातळ पडद्यावर तरंगत फिरतो. ऑइल घाण असेल, कमी असेल किंवा बारीक नळीत जळून बसले असेल, तर तो पडदा तुटतो आणि धातूला धातू लागतो. टर्बो 'उडाला' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा मूळ रोग ऑइलमध्ये असतो. म्हणून कारण न शोधता नुसता नवा टर्बो बसविला तर तोही जातो, आणि ग्राहक मात्र गॅरेजला दोष देतो.

दुसरी जागा टायमिंगची. फोक्सवॅगनच्या यापूर्वीच्या ईए १११ मालिकेतील टर्बो पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन सैल होण्याच्या तक्रारी युरोपात पुष्कळ झाल्या. नव्या ईए २११ मालिकेत, जिच्यात आपले १.० टीएसआय येते, चेनऐवजी रबरी दातांचा बेल्ट आला. तो ऑइलच्या बाहेर, कोरडा चालतो. ऑइल गळून त्यावर पडू नये आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तपासून वेळेवर बदलावा, एवढी त्याची अपेक्षा आहे.

येथे फोर्डच्या १.० इकोबूस्ट इंजिनाचा दाखला देणे योग्य होईल. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे या इंजिनाला जगातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ते २०१३ साली इकोस्पोर्ट गाडीत आले. यात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो. ऑइल योग्य आणि ताजे असेपर्यंत ठीक, पण जुन्या किंवा चुकीच्या ऑइलने बेल्टचे रबर सुटू लागते, त्याचे कण तळाशी ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन बसते. अमेरिकेत २०२३ साली याच इंजिनाच्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरमधील दोषासाठी गाड्या परत बोलाविल्या गेल्या. पुरस्कार आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. जुनी इकोस्पोर्ट घेताना तिच्यात कोणते इंजिन आहे ते आधी पाहावे, कारण ही गाडी साध्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतही विकली गेली आहे.

तिसरी जागा कूलंटची. १.० टीएसआयच्या घराण्यात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एका प्लास्टिकच्या घरात, गिअरबॉक्सच्या बाजूला बसविलेले आहेत. काळाने तेथून कूलंट झिरपण्याच्या तक्रारी येतात. गळती इतकी बारीक असते की जमिनीवर थेंब दिसत नाही, फक्त बाटलीतील पातळी हळूहळू खाली जाते. साधे पाणी घालून दिवस काढू नयेत. पातळी उतरली तर कारण शोधावे.

चौथी जागा व्हॉल्व्हवरील काजळी. जुन्या इंजिनांत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवर पडून तो धुतला जाई. आता पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवर ऑइलच्या वाफेची काजळी जमते. थंड असताना इंजिन थरथरणे आणि ओढ कमी होणे ही लक्षणे. टाकीत टाकायच्या औषधी बाटल्यांनी ही काजळी जात नाही, कारण ते पेट्रोल तेथे पोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून साफ करावी लागते. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती साफ करण्याची पद्धत यासाठी रूढ आहे.

पाचवी जागा इंधनाचा पंप आणि विजेचे भाग. कुशाक गाडी २०२१ साली नवी असताना काही ग्राहकांच्या गाडीत ईपीसी नावाचा दिवा लागून ताकद कमी होऊ लागली. कंपनीने इंधन पंपात कारण शोधून अधिक मजबूत पंप बसवून दिला. त्या पहिल्या काळातील गाडी घेताना हे काम झाले आहे की नाही ते सर्व्हिसच्या नोंदीत पाहून घ्यावे.

एकंदरीत पाहता कोरडा बेल्ट, थंडाव्याची चांगली व्यवस्था आणि विजेने चालणारा वेस्टगेट यांमुळे १.० टीएसआय हे इंजिन आम्ही भरवशाच्या गटात धरतो. मात्र हा भरवसा निगेच्या अटीवर आहे. साधे इंजिन निष्काळजीपणा काही वर्षे सोसते. टर्बो इंजिन तो फार दिवस सोसत नाही.

ऑइलचा हिशेब

येथे व्यापारी बांधवांनी वहीत लिहून ठेवावे अशा गोष्टी देत आहोत.

ऑइल निवडताना नुसता जाडीचा आकडा पाहू नये. डब्यावर कंपनीच्या मान्यतेचा क्रमांक असतो, तो गाडीच्या पुस्तकातील क्रमांकाशी जुळला पाहिजे. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर लावला असता पेट्रोल ठिणगीपूर्वीच पेटण्याचा एक रोग आहे. त्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधील काही घटकांचा त्याच्याशी संबंध आढळल्यामुळे २०१८ साली एपीआय एसएन प्लस आणि २०२० साली एपीआय एसपी असे नवे दर्जे आले. दुकानात जुन्या दर्जाचे स्वस्त डबे पडून असतात. ते या इंजिनांत घालू नयेत आणि दुकानदारांनी ते या गाड्यांसाठी विकूही नयेत.

बदलण्याची मुदत स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांत साधारणपणे १५ हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. यातील 'किंवा १ वर्ष' हे शब्द लोक विसरतात. ज्याची गाडी रोज घर ते दुकान एवढीच जाते त्याचे ऑइल लवकर बिघडते, कारण इंजिन पुरते तापतच नाही आणि न जळलेले पेट्रोल व पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते. अशा वापरासाठी ८ ते १० हजारांवर ऑइल आणि फिल्टर बदलावा, असा आमचा सल्ला आहे. एका जादा सर्व्हिसचा खर्च आणि टर्बोचा खर्च यांची तुलना कोणीही व्यापारी मनातल्या मनात करू शकेल.

दोन सर्व्हिसच्या मध्ये महिन्यातून एकदा, इंजिन थांबवून, सपाट जागी डिपस्टिक पाहावी. ऑइलचा दिवा लागेपर्यंत वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे आहे.

चालविणाऱ्याने काय करावे?

सकाळी गाडी सुरू केल्यावर लगेच जोर लावू नये. उभी करून दहा मिनिटे तापविण्याचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबावे आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावे, म्हणजे ऑइल सर्वत्र पोचते.

खंडाळ्याचा किंवा कशेडीचा घाट चढून आल्यावर, किंवा महामार्गावर वेगाने आल्यावर, किल्ली लगेच काढू नये. मिनिटभर इंजिन साधे चालू ठेवावे. तापलेला टर्बो एकदम थांबला तर त्यातले ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होते.

वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नये. गिअर खाली घ्यावा. ॲव्हरेज वाचविण्याच्या नादात हीच चूक सर्वांत जास्त होते. आणि ॲव्हरेजबद्दल एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. हलक्या पायाने चालविले तर हे इंजिन लहान इंजिनासारखे पेट्रोल पिते, जोरात चालविले तर मोठ्या इंजिनासारखे. दोन्ही बाजूंनी फायदा होत नाही.

जुनी गाडी घेताना

हाजीसाहेबांसारखी वेळ येऊ नये म्हणून व्यवहारापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात. किलोमीटर आणि तारीख दोन्ही पाहावे. दोन ऑइल बदलांत वर्षाहून जास्त अंतर असेल तर भाव करण्याआधी विचार करावा.

२. गाडी थंड असताना जावे. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी. थंड इंजिनाची थरथर, खडखड आणि धूर तेव्हाच कळतो.

३. ऑइलचे झाकण काढून आत पाहावे. पातळ तपकिरी थर चालेल, गाळ चालणार नाही.

४. कूलंटची पातळी, रंग आणि प्लास्टिकच्या जोडांवर वाळलेले डाग पाहावेत.

५. चढावर चालवून पाहावी. ओढ एकसारखी यावी. शिट्टीसारखा बारीक आवाज टर्बोचा स्वाभाविक असतो, पण रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज आणि निळा धूर म्हणजे धोका.

६. स्कॅनर लावून कोड वाचावेत. सर्व कोड नुकतेच पुसलेले दिसले तर कारण विचारावे.

७. बेल्ट केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो बदलायचाच आहे असे धरून किंमत ठरवावी.

यासाठी अनुभवी मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी हसतमुखाने द्यावी. गाडी विकणाऱ्या बांधवांनीही या नोंदी स्वतःहून दाखवाव्यात. दोष सांगून विकलेल्या गाडीचा भाव थोडा कमी येतो, पण तो ग्राहक पुढच्या वेळी भावाला आणि मेहुण्याला घेऊन आपल्याकडेच येतो.

कारागीर बांधवांना दोन शब्द

आपले पुष्कळ उस्ताद कानाने इंजिन ओळखतात. हे हुन्नर मोलाचे आहे आणि ते टर्बोच्या कामातही उपयोगी पडते. परंतु केवळ त्यावर आता भागणार नाही. चांगला स्कॅनर, टॉर्क पाना आणि टायमिंग बसविताना कॅम जागेवर धरणारी हत्यारे ही किमान गरज आहे. ही हत्यारे नसताना अंदाजाने बेल्ट बसविला आणि दोन दात चुकले, तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि नुकसान भरून देण्याची वेळ येते. एका गल्लीतील तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून ही हत्यारे घेतली तर खर्च हलका होतो. त्यात कमीपणा मानू नये.

जिवाच्या सुरक्षिततेची एक गोष्ट. थेट फवाऱ्याच्या इंजिनात पेट्रोलचा दाब २०० बारच्या घरात असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची ही नळी सैल करू नये. उडालेला फवारा कातडीत घुसतो आणि गरम टर्बोवर पडला तर पेट घेतो. आधी दाब उतरवावा, मगच पाना लावावा. शिकाऊ पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

आणि ज्यांची मुले दहावी होऊन गॅरेजमध्ये येत आहेत, त्यांना आयटीआयमधील मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू द्यावा. सकाळी आयटीआय आणि संध्याकाळी उस्तादांचा हात, असे दोन्ही मिळाले तर तो मुलगा पुढील तीस वर्षे मागे पडणार नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. टर्बो पेट्रोल गाडी घ्यावी काय? जो वेळेवर ऑइल बदलेल, पावत्या जपून ठेवील आणि किल्ली काढण्यापूर्वी मिनिटभर थांबेल, त्याने खुशाल घ्यावी. ज्याला गाडी पेट्रोल घालून नुसती पळवायची आहे, त्याने साध्या इंजिनाची गाडी घ्यावी. ती थोडी कमी ओढेल, पण त्याला कमी रडवील. आमचे हाजीसाहेब आता नवी गाडी पाहावयास गेले की प्रथम बॉनेट उघडावयास सांगतात आणि ऑइलच्या झाकणात बोट घालतात. रंग आणि टायर ते नंतर पाहतात.